पाल्यातली तार

१२ फेब्रु. १९७३, सोमवार
झोडप्या आज सुरू केला. नाव माझं नाही, जनावरांच्या दुष्काळी छावणीतल्या लोकांनी ठेवलेलं. परदेशातून मिशनच्या शेताला देणगी आलेलं गवत कापायचं यंत्र. ट्रॅक्टरमागे जोडायचं, दांड्याला लोंबती पाती, दांडा गरगरला की पाती झोडपत जातात आणि कापलेला माल सोंडेतून मागच्या ट्रॉलीत पडतो. आमच्याकडे पाऊस नाही, गवत नाही, हे देणाऱ्यांना कुणी कळवलं नसावं. पेटीतून काढल्यापासून पडवीत उभंच होतं.

पाद्रीसाहेबांना म्हटलं, गवत नाही तर पाला उचलू. हमरस्त्याच्या वडांची पानगळ चालू आहे, खाली ढीग लागलेत, आणि छावणीतली जनावरं दावी चघळतायत. ते म्हणाले, शिमोन, ते कापायचं यंत्र आहे, झाडायचं नव्हे. म्हटलं, पाती जमिनीपासून दोन बोटं ठेवली आणि ट्रॅ. पहिल्या गियरात ठेवला तर वाऱ्यानेच ओढेल.

ओढलं. पुस्तिकेत हे कुठेही नाही. डिक्शनरी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे, म्हणून सांगतो.

१३ फेब्रु.
वडाच्या रांगेच्या अर्ध्यापर्यंत गेलो. धुरळा फार. एका पात्याचा बोल्ट सैल होता, घट्ट केला. ग्रीस.

पाला नुसता कोरडा, जनावर हुंगून सोडतं. साखर कारखान्याची मळी आणून पाण्यात पातळ केली, मीठ टाकलं, पाल्यावर शिंपडून रात्रभर ताडपत्रीखाली दाबून ठेवला. सकाळी वास चांगला.

पूर्वी हा पाला हौसाबाई आणि तिच्या बायका खराट्यानं झाडायच्या. आता त्या दुष्काळी कामावर, खडी फोडायला. जाताजाता ट्रॅ. समोर उभी राहिली. म्हणाली, “मिस्तरी, आमचा खराटा तर सोडवलात. आता झाडालाबी दम द्या, म्हनावं लवकर झड, सायबाचं यंत्र खोळंबलंय.” बायका हसल्या. मी इंजिन बंद केलं नाही.

१५ फेब्रु.
छावणीत कुणी पाला घेईना. हौसाबाईचाच बैल तिथे बांधलेला, तीही घेईना. म्हणे, वडाचा पाला खाऊन पोट फुगंल.

मग सगळ्यांसमोर पवळीला आणून घातला. ट्रॉलीच्या तळाशी बसतो तो अगदी बारीक चुरा तिच्यासाठी वेगळा काढला. म्हातारी आहे, दाढा झिजल्या आहेत, मोठं पान तिला चावत नाही. टोपलं साफ केलं तिनं. जीभ फिरवून पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग लोक पुढे झाले.

पवळी बायकोची, मार्थाची गाय. तिच्या बापानं दिलेली कालवड. मार्था गेल्यावर दूध आटवलं तिनं. मला काढू दिलं नाही.

१८ फेब्रु., रविवार
मिशनच्या देवळात गेलो. प्रवचन पावसावर.

लेक, रूथ, नगरहून आली. दवाखान्यातली ड्यूटी बदलून घेतली म्हणे. भाकरी, पिठलं करून घातलं. म्हणाली नगरला चला, खोली आहे. म्हटलं यंत्र चालू आहे. मग म्हणाली, “दादा, आई गेल्यापासून तुम्ही तिचं एकदाही नाव काढलं नाही.” मी तिला पीटीओ शाफ्टचं, ट्रॅ. ची शक्ती यंत्रात नेणाऱ्या दांड्याचं सांगत होतो, कुठला सांधा आवाज करतो ते. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळच्या एस.टी.नं गेली.

खरं म्हणजे सांगण्यासारखं काही नाही. जमिनीला पाणी नसतं तेव्हा नांगर घातला तरी ढेकूळ फुटत नाही, नुसता फाळ घसरतो. तसं काहीतरी. हे खोडायला हवं. राहू दे.

२० फेब्रु.
सगळी छावणी आता पाल्यावर. पा.सा. तालुक्याहून कुणा अधिकाऱ्याला घेऊन आले. मी पात्यांची उंची, ट्रॅ. ची चाल, मळीचं प्रमाण सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. पवळीला रोज तळाचा चुरा.

२२ फेब्रु.
पवळी सकाळी उठली नाही. उठवली तर पाठ कमानीसारखी काढून उभी. रवंथ नाही. हिंगाचं पाणी पाजलं. पोट फुगलेलं नाही, दाबून पाहिलं. दात खाते. ते आवडलं नाही मला.

२३ फेब्रु.
ढोरांचे डॉक्टर नेवाशाहून मोटारसायकलवर आले. तरुण आहेत. हाताने तिच्या वशिंडामागची कातडी चिमटीत धरून दाबली. कण्हली. पुन्हा दाबली. पुन्हा. मग मला विचारलं, काय खाल्लंय? पाल्याचं सांगितलं, अभिमानानेच सांगितलं असणार. ते म्हणाले, “हिच्या पोटात तार आहे.”

म्हटलं शक्य नाही. माझ्या पाल्यात माती राहत नाही, तार कुठून राहील.

त्यांनी ट्रॉलीचा तळ दाखवायला सांगितलं. चाळणी घेऊन बसलो. चाळणीत तारा. बोटाच्या पेराएवढे तुकडे, दोन्ही टोकं चकचकीत, तिरकी कापलेली. सुईच.

कुठून आल्या ते तिथेच उमगलं. सरकारी गवताच्या गाठी महिन्यापूर्वी वडाच्या सावलीला उतरवल्या होत्या, तारेनं बांधलेल्या. लोकांनी तारा तोडून तिथंच टाकल्या, वर पाला पडला. यंत्रानं तार उचलली, बारीक केली. जड म्हणून तळाशी बसली. तळाचा चुरा पवळीला.

खराट्याला तार अडकते. बायका ती गुंडाळून घरी नेतात, बादलीच्या कडीला, कुंपणाला होते. यंत्राला अडकत नाही. पाती दोन बोटांवर होती, बरोबर दोन बोटांवर. मी मोजली होती.

डॉ. म्हणाले, तार काळजाच्या बाजूला सरकते. पोट कापून काढता येते, पण नगरला न्यावं लागेल, आणि ती वाटेत उभी राहील असं त्यांना वाटत नाही. दुसरा उपाय, पुढचे पाय उंचावर ठेवून उभी ठेवायची, म्हणजे तार मागे सरकली तर सरकली. आणि गळ्याखाली रोज हात लावून पाहा. तिथं पाणी उतरलं, गळ्याची लोंबती पोळी सुजली, तर समजा तार काळजाला पोचली. इंजेक्शन दिलं. उद्यापासून कसं द्यायचं ते शिकवून गेले.

२४ फेब्रु., शनिवार
गोठ्यात पुढच्या पायांखाली ओटा केला. दगड, वर माती, वर गोणपाट. उंची हातभर. उतारावर पाय घसरायचा म्हणून तोही पाणसळीनं पुन्हा बघून घेतला. पवळी चढेना. गूळ दाखवला तरी नाही. शेवटी नुसता तिच्या शेजारी उभा राहिलो तर चढली.

सकाळीच छावणीत जाऊन सांगितलं, पाला बंद. पाल्यात तार आहे, पवळीच्या पोटात गेली, माझ्या यंत्रानं गेली. पा.सा. मागून म्हणाले, जरा वेगळ्या शब्दांत सांगता आलं असतं. दुसरे शब्द नव्हते.

मग हौसाबाई पुढे आली, डोईवरची पाटी खाली ठेवली. आज तिला खडीवर सुट्टी. म्हणाली, “मिस्तरी, तारंनं मरंल तवा मरंल. भुकंनं आजच मरतंय. माझ्या बैलाला घाला काय असंल ते.”

बंद म्हणणं सोपं. गव्हाणीत दुसरं काय टाकणार होतो मी.

२५ फेब्रु., रविवार
देवळात गेलो नाही. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून जुन्या डायनामोची चुंबकं आणली, सोंडेच्या तोंडात बसवली. यंत्र पाल्याच्या एका पट्ट्यावर चालवून पाहिलं. चुंबकाला तुकडे चिकटले. सगळे नाहीत. काही पाल्यात गुंडाळून निसटतात. चाळणीत पुन्हा सापडले.

अर्धं काम म्हणजे काम नव्हे. यंत्र पडवीत नेऊन उभं केलं. ताडपत्री टाकली.

२६ फेब्रु.
खडीच्या कामावर गेलो, चालत. ट्रॅ. घेऊन गेलो असतो तर बरं दिसलं नसतं. हौसाबाई उन्हात हातोडा घेऊन बसलेली, बोटांना चिंध्या. सगळ्या बायकांनी मान वर केली. मी म्हटलं, वडाचा पाला झाडायला माणसं हवीत. पडलेल्या ढिगातल्या तारा निवडायलाही हवीत. पा.सा. शी बोललो आहे, हजेरी इथल्यासारखीच लागेल.

तिनं एक दगड फोडला. मग म्हणाली, “यंत्राला काय झालं? पडसं?”
बायका हसल्या.
“बंद केलंय.”
“तुमी बंद केलं का सायबानं?”
“मी.”
मग तिनं हातोडा बाजूला ठेवला. म्हणाली, “येतो. पन निवडताना आमाला शिकवाय बसू नका. आमी तांदूळ निवडतो तसं निवडू, आनि तुमी लांब ऱ्हावा.”

लांब राहिलो.

२८ फेब्रु.
ताडपत्रीवर पाला पसरून बायका ओळीनं बसतात. मुठीमुठीनं चाळतात. तारांचा एक डबा भरला. हौसाबाई प्रत्येक तुकडा उजेडात धरते, मगच डब्यात टाकते. खराट्यानं झाडलेल्या पाल्यात अखंड तारा निघतात, त्या ती गुंडाळून कमरेला लावते.

छावणीत चारा कमी पडतो. हातानं होतं तेवढंच होतं. दोन जनावरं खाली बसलीत. यंत्र चालू असतं तर बसली नसती. हे खरं आहे. यंत्रामुळे पवळी ओट्यावर आहे, हेही खरं आहे. दोन्ही लिहून ठेवतो.

२ मार्च
पवळी पाणी पिते. थोडं. इंजेक्शन मीच देतो, डॉ. नी दाखवलं तसं. सुई उकळून. पुढचे पाय कापतात. मागे उतरायला बघते, मी पुन्हा चढवतो. माझ्यावर राग नाही तिचा. नसावा.

गळ्याखाली हात. कोरडं, सैल. पाणी नाही.

४ मार्च, रविवार
रूथ आली. गोठ्यात सरळ गेली, घरात आधी नाही. पवळीच्या मानेला मिठी मारून उभी राहिली बराच वेळ. तिच्या आईची सवय. मी दारात. मग गळ्याखाली हात फिरवून म्हणाली, दादा, इथं थोडं मऊ लागतंय. मी पाहिलं. म्हाताऱ्या जनावराची कातडी लोंबते, तीच असेल. ती म्हणाली, माणसांच्या पायावर सूज आली की बोट दाबलं तर खड्डा राहतो. दाबून पाहिलं तिनं. खड्डा राहिला का नाही यावर आमचं एकमत झालं नाही.

जाताना म्हणाली, रडावंसं वाटत नाही का तुम्हाला. म्हटलं, वाटायला हवं खरं.

६ मार्च
पा.सा. सहज आल्यासारखे आले. म्हणाले, शुक्रवारी घोडेगावचा बाजार आहे. अजून उभी आहे तोवर कुणी घेईल. घेणारा कोण आणि कशाला घेईल हे त्यांनी सांगितलं नाही. म्हातारी गाय तुम्हाला कुठवर पुरणार, शिमोन. चुकीचं बोलत नव्हते ते. पवळीला दिलेलं पेंडीचं पाणी छावणीतल्या दुसऱ्या जनावराला लागलं असतं. हिशेब मलाही येतो.

विचार करतो म्हणालो.

७ मार्च
हौसाबाईला विचारलं. का विचारलं माहीत नाही. ती पाला निवडत होती. म्हणाली, “तुमची बायकू असती तर तिनं काय केलं असतं, त्ये मला इचारू नका. त्ये तुमाला ठावं.”

खरं म्हणजे ठाऊक नाही. मार्था गायीशी काय बोलायची ते मी कधी ऐकलं नाही. मी तेव्हा शेडमध्ये असायचो, ट्रॅ. खाली. इतकी वर्षं ती रोज सकाळी काहीतरी बोलायची. आवाज यायचा. शब्द नाहीत.

८ मार्च
गळ्याखाली हात. कालच्यापेक्षा जास्त का तितकंच. दोरी लावून माप घेतलं, रोज घेतो. दोरी कधी ताणली जाते, कधी सैल राहते. मापाला अर्थ नाही. डॉ. ना निरोप पाठवला. ते दुसऱ्या गावी गेलेत.

शेतातल्या गड्याला सांगून ठेवलं, उद्या पहाटे बैलगाडी तयार ठेव. कशाला ते सांगितलं नाही.

९ मार्च, शुक्रवार
गाडी आली होती. रस्त्यानं बाजाराला जाणारी जनावरं दिसत होती, हाडं मोजता येतील अशी. गडी दावं हातात घेऊन उभा. मी म्हटलं, जा, आज नको. तो म्हणाला, मिस्तरी, पुढच्या बाजारापर्यंत ही... आणि थांबला. गेला.

ऊन चढलं. हौसाबाईनं निवडलेल्या पाल्यातला ओंजळभर मागून आणला. भिजवलेला, मळी लावलेला. पुन्हा स्वतः चाचपून पाहिला, दोनदा. पवळीच्या तोंडाशी धरला. हुंगला. मग तोंडात घेतला.

चावत नाही. टाकतही नाही. तसाच धरून उभी आहे. पान एक ओठाबाहेर लोंबतंय.

वही गोठ्यात आणली आहे. उभ्यानं लिहितो, अक्षर नीट येत नाही. अजून उभी आहे ती.