खांदा बरा होईपर्यंत

९ जुलै १९८१, गुरुवार

फळ्याचा वरचा अर्धा भाग आजही कोराच! सहावीतली एक चिमुरडी उठून विचारते, "बाई, वर का लिहीत नाही?" काय सांगणार तिला — बाईंचा हात खांद्याच्या वर जातच नाही म्हणून? आधी खाली लिहिलंय ते वाच, म्हणून खेकसले. उगाच.

संध्याकाळी हे मला डॉक्टर दत्तोपंतांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी हात धरून वर नेला आणि मला ब्रह्मांड आठवलं. खांदा धरलाय म्हणाले. गोळ्यांनी सुटायचा नाही, रोज व्यायाम हवा. हयगय केली तर हात आहे इथंच राहील. मग शिकवायचं कसं? फळा जमिनीवर मांडून?

अंबाडा सध्या आक्का घालून देतात. आक्का म्हणजे सासूबाई, पण घरादाराला आक्काच. सत्तरी उलटली तरी बोटांत काय जोर! लग्नाला चोवीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. आता रोज सकाळी त्यांच्यापुढे पाट टाकून बसायचं.

१४ जुलै

व्यायामावरून घरात दोन तट. शाळेतल्या सरोजिनीनं बातमी आणली — आमच्या गल्लीच्या टोकाच्या तालमीनं वर नवा हॉल बांधलाय, तिथं बायकांसाठी व्यायाम केंद्र निघालंय. पद्मजाताई म्हणून शिकलेल्या बाई आहेत शिकवायला. सरोजिनीचं घर तालमीला लागूनच, तिनं स्वतःचं नाव घातलंसुद्धा.

मी जेवताना विषय काढला. हे म्हणाले, घाम गाळायला वर्गणी कशाला? घाम काय घरात येत नाही? आपल्या गुळाच्या अडतीवर हमाल दिवसभर घाम गाळतात, त्यांना उलट मजुरी मिळते! स्वतःच्याच विनोदावर हसले. आक्का तेवढ्यापुरतं बोलल्या, "तालमीत बाई. आता काय बघायचं ऱ्हायलं न्हाय."

१९ जुलै, रविवार

विषय संपला असं ह्यांना वाटतंय. पुण्याहून सायकल आली! बिनचाकाची. बसल्या जागी पायडल मारायचे. गुळाच्या रव्यांनी, ढेपांनी भरलेली मागची खोली रिकामी केली. जुन्या विहिरीची कप्पी तुळईला टांगली, दोर सोडला. दोर ओढायचा, दुखरा हात वर जातो. डॉक्टरांना विचारून केलंय सगळं. मन लावून केलंय, हे कबूल करायला हवं. मला नावं ठेवायला जागाच ठेवली नाही!

२३ जुलै

दोर धरला. दूध उतू गेलं.

२४ जुलै

दोर धरला. गवळ्याला पैसे द्यायचे होते. परत धरला. मलकापूरचे पाव्हणे आले. त्यांना सायकल दाखवायला हे आत घेऊन आले. पाव्हण्यांनी बसून बघितलं. मग त्यांच्या मेव्हण्यानं. मी चहा टाकायला गेले.

३० जुलै

कप्पीच्या दोरावर ह्यांचे तीन सदरे आणि एक टॉवेल. पावसाळ्यात वाळायचे कुठं, हा आक्कांचा सवाल. बरोबरच आहे. घरात बाईचं म्हणून काही ठेवलं की त्याच्यावर दोन दिवसांत कुणीतरी ओलं धुणं टाकतंच.

हात होता तिथंच आहे.

३ ऑगस्ट, सोमवार

आज शाळेतून परस्पर सरोजिनीबरोबर तालमीत गेले! नुसतं बघायला.

वर जायचा जिना खालच्या आखाड्याच्या बाजूनं जातो. दार लोटलेलं होतं. मी तिसऱ्या पायरीवर असेन — आणि तो वास आला. तेल, ताक, हळद प्यायलेली तांबडी माती. मी कठडा धरून उभीच राहिले. सरोजिनी वरून हाका मारतेय आणि मी इकडे माहेरी, गडमुडशिंगीत.

आप्पांनी, माझ्या वडिलांनी, परड्यातल्या खोपीत माझ्या भावासाठी, दादासाठी, कुस्तीचा छोटा हौद केला होता. माती मळायचं काम माझ्याकडं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. खोरं घेऊन माती वरखाली करायची, ताक ओतायचं, लिंबं पिळायची, ढेकूळ राहिलं तर बोटांनी फोडायचं. दादा लंगोट लावून उतरायचा तेव्हा मी बाहेर. मुलीनं हौदात पाय टाकायचा नाही. पण कणगीच्या मागं उभी राहून मी त्याच्याबरोबर बैठका मारायचे. आप्पा त्याचे आकडे मोजायचे, मी तेच आकडे माझे म्हणून धरायचे. एकदा दादा तापानं पडला होता. आप्पा म्हणाले, उतर, माती जमली का बघ. घोट्यापर्यंत पाय आत गेले. गार, मऊ. बस, तेवढंच. पुढच्या वर्षी मी मोठी झाले आणि माती मळायला गडी आला.

त्या मातीसारखं माझं म्हणून पुन्हा काही हाताला लागलंच नाही. आज इतक्या वर्षांनी हे पहिल्यांदा लिहितेय.

वर हॉलमध्ये बारा-पंधरा बायका, पदर खोचून, हात पसरून उभ्या. एकीचा डावा उजवा कळत नाही, दुसरी हसून हसून खाली बसलेली. पद्मजाताईंनी माझा हात भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, बोटांनी भिंत चढायची, मुंगीसारखी. चढले. दूध नाही, गवळी नाही, पाव्हणे नाहीत!

घरी आल्यावर सरळ सांगितलं, मी तिथंच जाणार. ह्यांनी हिशोबाची वही मिटली. मग म्हणाले, "जा. खांदा बरा हुईस्तोवर जा. मग बास." व्यापारी माणूस, मुदत घातल्याशिवाय सौदा नाही.

१७ ऑगस्ट

सोमवार, बुधवार, शुक्रवार. संध्याकाळी सहा ते सात. भिंतीवर पद्मजाताई खडूनं खूण करतात. माझी खूण टिचभर वर सरकली.

२८ ऑगस्ट

एक अडचण दिसायला लागलीय. आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवण. हे अडतीवरून उशिरा येतात, ते पाळत नाहीत. आक्का आणि मी पाळतो. या महिन्याच्या सुरुवातीला तालमीतून धावत येऊन दोघींचं कसंबसं आटपायचं. आता दिवस आखडायला लागला. आज मी जिना उतरले तेव्हा गल्लीत दिवे लागलेले. पद्मजाताईंना वेळ बदलता येत नाही, ती कमिटी ठरवते. कमिटीत सगळे बाप्ये. बायका सकाळी सैपाकात असतात, म्हणून त्यांना संध्याकाळ!

आक्कांना सांगितलं, तुम्ही माझ्यासाठी थांबू नका, मी सरोजिनीकडं केंद्राच्या आधीच खाऊन घेत जाईन. त्या म्हणाल्या, बरं.

सरोजिनीकडं कुठलं खाणं! भरल्या पोटी हात वर जात नाही. आठवड्यातनं तीन रात्री उपाशी राहिल्यानं कुणी मरत नाही.

७ सप्टेंबर

दशलक्षण पर्वाचे दिवस. बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, आज सत्य धर्मावर प्रवचन झालं. आक्का शेजारी बसल्या होत्या. मी चटईचे काठ मोजत बसले.

८ ऑक्टोबर, दसरा

गडमुडशिंगीला जाऊन आले. खोपीत आता दादाचा ट्रॅक्टर उभा असतो. हौद केव्हाच बुजवला, वर कोबा केलाय. मी पायानं चाचपून बघितलं, कडासुद्धा लागत नाही. फार वाईट वाटलं. ट्रॅक्टरचाच राग आला — त्याचा काय दोष!

आप्पा खुर्चीत बसून होते. त्यांना ऐकू कमी येतं पण बघतात सगळं. केंद्राचं सांगितलं तर म्हणाले, करून दाखव. मी भिंतीला हात लावला. "पाठ वाकडी करू नगंस. खांदा फसवतोय तुला." पुन्हा केलं. "हां." तेवढ्यात समाधान!

मग मी बोलून गेले, कणगीमागं मी बैठका मारायची, तुम्हाला कधी कळलं नाही. आप्पा म्हणाले, "म्हाईत हुतं की. म्हणून तर दुधाचा पेला तुला दादाएवढाच असायचा."

खरंच होतं तसं. आमच्या भावकीत मुलींना पितळेची वाटी. मला एकटीला मोठा पेला. मला वाटायचं, अव्वाची, माझ्या आईची, चूक होतेय, म्हणून मी गुपचूप पिऊन टाकायची. परतताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, माहेराहून का? म्हटलं, हो.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

रोज आक्काच उघडतात ती भाकरीची टोपली आज सकाळी मी उघडली. आत तीन भाकरी. काल बुधवार, केंद्राचा दिवस. दोन माझ्या, रोजच्या हिशोबानं थापलेल्या, त्या उरणारच. तिसरी?

आक्कांना विचारलं. त्या माझ्या अंबाड्याला काटे खोचत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "तू उपाशी निजणार, मी कशी गिळू?"

म्हटलं, मी सरोजिनीकडं जेवते, सांगितलं होतं ना. "जेवलेल्या माणसाचं तोंड मला कळतंय. पन्नास वर्सं वाढतेय मी."

म्हणजे श्रावणापासून त्या आठवड्यातल्या तीन-तीन रात्री उपाशी निजल्या. मी खोटं बोलून, त्या काहीच न बोलून. सत्तरीतली बाई! मला माझी लाज वाटली. तिथंच सांगून टाकलं, संपलं, उद्यापासून जात नाही, मागच्या खोलीत दोर ओढीन. आक्का म्हणाल्या, "आणि धुणं कुठं वाळत घालू?"

१६ ऑक्टोबर

गेले नाही. आक्कांबरोबर उजेडात जेवले. मागच्या खोलीतले सदरे काढले, दोर ओढला. हात चढतो थोडा, पण मन चढत नाही.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी आक्का बस्तीतून वेळेवर आल्या नाहीत. मी शोधायला निघाले तर गल्लीच्या टोकाला सरोजिनी हात हलवतेय. आक्का तालमीच्या पायरीवर बसलेल्या! बस्तीला नेसतात ते पांढरं लुगडं, हातात तांदळाची डबी. समोर तालमीचे अध्यक्ष बाळासो, आणि आतून दहा-बारा पैलवान अंगाला माती तशीच घेऊन बघायला आलेले.

बाळासो हात जोडून सांगत होते, आक्का, वेळ कमिटीनं ठरवलीय, एकट्याच्या हातात नाही. दिवाळीनंतर मीटिंग घेऊ. आक्का उठायला तयार नाहीत. आवाज तर असा की मधल्या चौकात ऐकू जावा.

"दिस मावळायच्या आत आमच्या बायकांस्नी जेवाय लागतंय. आता मी सूर्याला थांब म्हणून सांगू, का तुमास्नी वेळ बदला म्हणून सांगू?"

बाळासो म्हणाले, सकाळी आठला पैलवान घरी जातात, हॉल मोकळा असतो, पण त्या वेळेला बायका सैपाकात असतात की.

"तिचा सैपाक मी बघते. तुमच्या घरातला तुमी बघा."

पैलवान हसले. बाळासोही हसले. सकाळी आठची वेळ तिथंच ठरली, मीटिंगबिटिंग काही नाही. मी कोपऱ्यावरच उभी होते, पुढं जायचं धैर्य झालं नाही. आक्का परत येताना माझ्यापाशी थांबल्या आणि डबी माझ्या हातात दिली. दम लागला होता त्यांना. एवढं सगळं त्या माझ्यासाठी करून आल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर हळूहळू घराकडं चालू लागले.

हे दुपारी म्हणाले, अख्ख्या बाजारात बोभाटा झाला. पण म्हणताना मिशीत हसत होते.

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. सकाळचं केंद्र सुरू. आमच्या बस्तीतल्या पाच जणी नव्यानं आल्या — त्यांचंही अडलं होतं ते संध्याकाळमुळंच! खालून मातीचा वास सकाळी जास्त येतो. पैलवान नुकतेच गेलेले असतात.

घरी येते तर आक्का चुलीपाशी. भाकरी माझ्यापेक्षा पातळ. भाजीत मीठ जास्त. मी बोलत नाही.

१३ नोव्हेंबर

पद्मजाताईंनी मुद्गल हातात दिला. हलकाच, पण मुद्गल! फिरवताना आप्पांचा आवाज आठवला आणि पाठ सरळ केली.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

फळ्यावर सुविचार लिहिला. लिहून मागं सरले आणि बघते तर तो अगदी वरच्या ओळीत. मुली नुसत्या बघत राहिल्या. मीही.

आनंद व्हायला हवा होता. झालाही — थोडा वेळ. मग ह्यांची मुदत आठवली. हे शब्दाचे पक्के. खांदा बरा झाला की बास म्हणजे बास. वर्गणीचं नाही, ती मी माझ्या पगारातनं भरते. पण बाईमाणसानं दुखण्याशिवाय घराबाहेर स्वतःसाठी जायचं, हे आमच्याकडं कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्यासुद्धा आलं नव्हतं. दुखत होतं तोवर मला परवानगी होती.

संध्याकाळभर कुणाला काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा वाटलं, हा खांदा सुटायला नको होता.

२७ नोव्हेंबर

सकाळी आक्कांपुढं पाटावर बसले होते. वेणी घालता घालता त्यांनी माझा हात मनगटाशी धरला आणि वर नेला. डोक्याच्या वर, सरळ, अडथळा नाही. तसाच धरून ठेवला थोडा वेळ. मग खाली सोडला. एवढ्यात हे दारात आले आणि म्हणाले, खांदा काय म्हणतोय आता? मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाल्या, "लई दुखतोय तिचा. अजून वरीसभर तरी जाया पायजे."