पार्किंग नंबर सात

१ डिसेंबर, सोमवार
फ्लॅट घेतला. भाड्याने, पण 'घेतला' म्हणायला काय जातं! जळगाव बायपासला लागून, बाल्कनीतून केळीचे मळे. घरमालक रतिलालभाऊ म्हणाले, गाडीने स्टेशन सात मिनिटं. गाडी आहे का, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पार्किंग मात्र राखीव. नंबर सात.
ज्योतीला सावद्याला फोन केला. म्हटलं, बदली पक्की झाली, आता तूही ये. ती म्हणाली, "तिथं हाकेले ओ द्याले कोन आहे? चार मान्सं तुमच्या घरी जेवले की सांगा, मंग सामान बांधते."
चारच? चाळीस जेवतील.

३ डिसेंबर
ऑफिस चालत पंचावन्न मिनिटं. रिक्षावाले येत नाहीत, परतीचं भाडं मिळत नाही म्हणतात. बरंच झालं, पोट आत जाईल.
संकल्प: शेजाऱ्यांशी ओळख वाढवणे. सोळा फ्लॅटपैकी चारच भरलेत. माणसं गाडीतून उतरतात ती थेट लिफ्टमध्ये. आज एकाने माझ्याजवळ गाडी हळू करून काच खाली घेतली. मी हसलो. तो थुंकला आणि पुढे गेला.

७ डिसेंबर, रविवार
दूध संपलं. दुकान समोरच दिसतं, पण हायवेच्या पलीकडे, आणि मध्ये डिव्हायडर. कोरा चहा प्यायलो. मोठी माणसं कोराच पितात.
पार्किंग रिकामं कशाला ठेवायचं? नंबर सातमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. वॉचमन भटूनाना धुळ्याकडचे. म्हणाले, "भाऊ, कोनी येनार शे का?" म्हटलं, येणारच आहेत.

१० डिसेंबर
युक्ती सुचली. भरीत पार्टी! थंडीत भरिताला बोलावलं आणि खान्देशी माणूस आला नाही, असं आजवर झालेलं नाही. ऑफिसात जाहीर केलं. चंदनने तर टाळीच दिली. अकरा जण पक्के. लोकेशन पाठवलं.
ज्योतीला कळवलं. "बरं," म्हणाली. पण चांगल्या आवाजात.

११ डिसेंबर
ड्रायव्हिंग क्लासची चौकशी केली. क्लास शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे जायला गाडी लागते.

१४ डिसेंबर, रविवार, सकाळी ९
दहा किलो वांगी, पांढरी-हिरवी, बामणोदची. भटूनानांनी शेजारच्या शेतातून कपाशीच्या काड्या आणल्या. नंबर सातमध्ये जाळ केला. काय वास सुटलाय! याला म्हणतात गृहप्रवेश.

दुपारी २
ठेचून, फोडणी देऊन पातेलं काठोकाठ तयार. लोकांना उशीर होतोय. रविवार आहे.

दुपारी ४
चंदनचा फोन. सगळे एकाच मोठ्या गाडीत निघाले होते. बायपासवर आमचं वळण चुकलं, पुढचा यू टर्न सहा किलोमीटरवर. तेवढ्यात ढाबा लागला. तिथेच जेवले.
भटूनानांना वर बोलावलं. गेट सोडता येत नाही म्हणाले, ताट केबिनमध्ये नेलं. माझ्या घरी जेवले, असं धरता येईल का? धरलं तरी तीन कमी.
ज्योतीने फोन केला. म्हटलं, गर्दीच गर्दी आहे. ती म्हणाली, "मंग आवाज कसा येत नाही?"
घर फार शांत आहे. इतकं की मला भीती वाटते. (ही ओळ खोडणे.)

१५ डिसेंबर
रजा टाकली. पातेल्याला फडकं बांधून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत, मग एसटीने सावदा. ज्योतीला म्हटलं, कालचं थोडं उरलंय.
तिने झाकण काढलं. पातेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दारात जाऊन एकच हाक मारली, "सुगंधाबाई, भरीत खायाले या वं!"
सुगंधाबाई गरम पुऱ्या घेऊनच आल्या. मागोमाग भाईदासआबा, मग सगळी गल्ली. बावीस माणसं. मला बसायला जागा उरली नाही, उभ्याने जेवलो. पातेलं चाटूनपुसून साफ.
पार्टी यशस्वी. फक्त जागा बदलली.

१६ डिसेंबर, मंगळवार
पहाटेच्या एसटीने निघालो. ज्योतीने पातेलं घासून तिथल्याच फळीवर ठेवलं, माझ्या हातात फक्त पोळ्यांचा डबा दिला. आमचं मोठं भांडं ते एवढंच. याचा अर्थ उघड आहे: येताना ती स्वतः घेऊन येणार.

संध्याकाळी ७
नंबर सातमध्ये कुणीतरी गाडी लावलीय! भटूनाना म्हणाले, काढायला लावू का? म्हटलं, राहू द्या. गाडीवाला विचारायला वर येईलच. चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. दार उघडंच ठेवलं.

रात्री ८
आले, पण भटूनाना. गाडीवाल्याला अडचण होत होती म्हणून माझी खुर्ची द्यायला. म्हटलं, बसा ना नाना, चहा तयार आहे. म्हणाले, "गेट उघडं शे, भाऊ." खुर्ची दारात ठेवून गेले.
दुसरा कपही मीच प्यायलो.