हा घाम भीतीचा नव्हे

मी, खाली सही करणारा, धंद्याने शिंपी, कोट आणि विजारी शिवण्यात हयात घालवलेला, आज रोजी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवतो. मला पार्किन्सन्सचा आजार आहे, हात थरथरतो, म्हणून अक्षर वकीलसाहेबांचे. शब्द माझे. त्यांनी गाळायला सांगितलेली वाक्ये मी गाळू दिलेली नाहीत.

या क्षणी बाहेर कडाक्याची थंडी आहे, वकीलसाहेब मफलर गुंडाळून बसले आहेत आणि मी घामाने निथळतो आहे. याची नोंद मुद्दाम करतो. मागच्या खेपेला मी असाच सहीला बसलो होतो, तेव्हा माझा धाकटा भाऊ दारातूनच म्हणाला, "दादाला दरदरून घाम फुटलाय. घाबरवून सही घेताय तुम्ही. मी हे मानणार नाही." वकीलसाहेबांनी पेनाला टोपण लावले आणि सगळेच राहून गेले. माझ्यामागे दुकानावरून घरात कोर्टकचेरी होईल, ही काळजी तेव्हापासून मला लागली आहे. तरी खुलासा करतो, की या आजारात अंगाची ऊब सांभाळणाऱ्या नसांचा कारभार बिघडतो आणि गोळीचा अंमल उतरू लागला की काहींना असा घाम सुटतो. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. भीती, ताप किंवा पश्चात्ताप यांपैकी मला काहीही झालेले नाही.

कलम १. राहते घर माझ्या पत्नीस. सकाळी भिजलेली चादर पाहून ती म्हणते, "पोहून आलात वाटतं?" आणि दुसरी अंथरते. माझ्या नाकाला या आजारामुळे वास येत नाही, त्यामुळे तोही सगळा तिच्याच वाट्याला. त्या मानाने घर फारच लहान आहे.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलास. त्याला सुईत दोरा ओवता येत नाही, पण पैसा कळतो.

कलम ३. दुकान, दोन्ही मशीन, इस्त्री आणि गिऱ्हाइकांची मापे सुनेस. का, ते सांगतो. आमच्या धंद्यात आतली शिवण झाकायला अस्तर लावतात. शर्टावर घामाचे डाग दिसू लागले तेव्हा मीही तेच केले, जाड अस्तराचे जाकीट शिवून घातले. घाम वाढला. मग मी आणखी एक अस्तर लावले. कोट बेतताना कपाळावरचे थेंब खडूच्या रेघेवर पडले, रेघ पुसली गेली आणि हेडमास्तरांची एक बाही आखूड झाली. फळ्यावर लिहायला बरी, म्हणून त्यांनी चालवून घेतली. मी मात्र दुकानात जाणेच सोडले. तेव्हा सून समोर येऊन बसली.

"बाबा, काढा ते जाकीट."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसतंय, बाबा. झाकताय ते तुम्ही एकटेच."

तिने ब्लेड घेऊन दोन्ही अस्तरे उसवली, मला सुती, सैल सदरे शिवले, डॉक्टरीणबाईंकडून गोळ्यांच्या वेळा बदलून घेतल्या आणि गिऱ्हाइकांना सरळ सांगितले, "यांना आजाराने घाम येतो. बसा, माप घेते." आता ती बेतते आणि मी पंख्याखाली बसून चुका काढतो. इतका सुखी मी तरुणपणीही नव्हतो. तरी हे उपकार फेडणे नव्हे. दुकान तिच्याच हातून चालेल, म्हणून तिला.

कलम ४. भावाने आमच्या दुकानासमोरच तयार कपड्यांचे दुकान थाटले, ते मी विसरलेलो नाही. ते कपडे अंगाला बसत नाहीत म्हणून लोक दुरुस्तीला आमच्याकडेच आणतात, हे आनंदाने नमूद करतो. वकीलसाहेब म्हणतात, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार भाऊच हवा, म्हणून त्याला या कागदाने काही देत नाही. वडिलांची कात्री, जिच्यावरून आम्ही लहानपणी एकमेकांना बडवले, ती त्याला आजच हातात देतो. त्याने माझ्याशेजारी बसावे, माझा घाम आपल्या हाताने पुसावा आणि मग खरे वाटेल ते लिहावे.

कलम ५. शेवटचा निरोप देताना माझ्या अंगावर अस्तराचा कोट घालू नये. पुढचे हवामान मला माहीत नाही.

ठिकाण : दुकानाची मागची खोली, पंखा चालू.
दिनांक : अकरा जानेवारी.
सही : (वाकडी आहे, शाईही फुटली आहे. माझीच आहे.)

साक्षीदार पहिली, डॉक्टरीण : गोळीची वेळ होत आली होती. घाम आजाराचा. माणूस शुद्धीत आणि नेहमीइतकाच चेष्टेखोर.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ : दादाचा घाम मी पुसला. टॉवेल पिळावा लागला, तरी तो मला माझ्याच दुकानावरून चिडवत होता. सही त्याने आपल्या मनाने केली. दुकान सूनबाईचं, माझी हरकत नाही. दादा त्या दिवशीही घाबरलेला नव्हता. दारात मी घाबरलो होतो. मृत्युपत्र म्हटल्यावर मला एवढंच कळलं, की दादा जाणार.