आधी कातर बघायची होती

आबा, परवा डबा खाताना तुमची कातर आठवली. मेंढरं विकून किती वर्षं झाली, तुम्ही जाऊनही बारा झाली. कातर मात्र कासुर्डीच्या घरी अजून वळचणीला खोचलेली आहे. लोकर कातरायचा तो दिवस आठवतो का तुम्हाला? शेजारच्या आप्पांच्या हातून मेंढीच्या पोटाला चीर गेली आणि मी, आठ वर्षांची अतिशहाणी, सगळ्या माणसांत ओरडले, "आप्पांनी मेंढी कापली!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बोंब मारून रगात थांबत न्हाई. जा, हळद आण." मग आप्पांजवळ बसलात, त्यांची कातर अंगठ्यावर घासून बघितलीत. "धारच गेलीया हिची. तुमची न्हाई चूक. ही माझी धरा." हे मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात. हळद आणायला पळायचं मी आणि लाड मात्र आप्पांचे, म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते.

आता मी शिरूरजवळ एका कारखान्यात क्वालिटीला आहे. चुका शोधणं हेच माझं काम. गेल्या महिन्यात वेल्डिंगवरच्या मामांचे (सगळे त्यांना मामाच म्हणतात) सहा ब्रॅकेट लागोपाठ वाकडे आले. पंचावन्नचा माणूस, हात अगदी बसलेला. तरी मी त्यांच्या टेबलापर्यंत गेलेसुद्धा नाही. फोटो काढला, त्यावर लाल गोल मारला आणि कंपनीच्या ग्रुपवर टाकला: 'टेबल तीन. डोळे उघडे ठेवून काम करा.' पटापट अंगठे आले आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या ग्रुपवर मामांचा जावईही आहे. दोघं रोज एकत्र डबा खायचे. त्या दिवसापासून मामा भिंतीकडे तोंड करून एकटेच जेवतात.

चार दिवसांनी कळलं, वेल्डिंग करताना ब्रॅकेट धरून ठेवणारी पिनच झिजली होती. ती तपासायची जबाबदारी माझी. म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा झाल्या. मी मामांना पाण्याच्या टाकीपाशी गाठून, इकडंतिकडं बघून, हळूच सॉरी म्हटलं. ते बाटली भरत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मॅडम. मला सांगितलं तुम्ही, पर जावयाला कोण सांगणार?" मी सुपरवायझरनं बोलावल्याचं निमित्त करून तिथून निघाले.

उद्या नव्या पोरापोरींना 'सहकाऱ्याला फीडबॅक कसा द्यावा' हे मीच शिकवायचं आहे. पहिला मुद्दा लिहून ठेवलाय: चूक एकांतात सांगावी. माझी माफीसुद्धा मी एकांतातच उरकली, आबा, आणि वर तो नियमच आहे अशी स्वतःची समजूत घातली.

ग्रुपवर खरं तर तीनच ओळी लिहायच्या होत्या. पिन झिजली होती. तपासायचं काम माझं होतं. मामांची चूक नव्हती. मघाशी मोबाइल हातात घेतला, अंगठे दिलेल्यांची नावं दिसली आणि खाली ठेवला. मग हे लिहायला बसले. तुम्ही वाचणार नाही, म्हणून पानभर लिहिता आलं. तो फोटो अजून ग्रुपवरच आहे.