विमानासाठी वखरलेले रान

॥ श्री ॥

सुलतानपूर,
फाल्गुन शुद्ध ३, शके १८५८

चि. शालिग्राम यास,

सत्यभामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम. दोन महिने तुझी खुशाली नाही, म्हणून आधी रागावते आणि मग बातमी सांगते.

बातमी अशी, की आपल्या सुलतानपुरात विमान उतरणार आहे! साखरखेर्ड्याचे रंगराव मुंबईहून परत आले आहेत. आता त्यांना कॅप्टन रंगराव म्हणायचे. बुलढाण्याला वकीलमंडळींनी त्यांना हार घातले, मेहकरला ताशे लावून मिरवणूक काढली. ते सांगतात, की त्यांनी हजार तास हवेत काढले आणि गोऱ्या साहेबांना मागे टाकून पदक मिळवले. ते पदक कोटाला लावलेले मी स्वतः पाहिले. एका संस्थानिकाचे विमान ते पाडव्याला इथे आणणार आहेत आणि वऱ्हाडातल्या बायकांची भीती मोडावी म्हणून पहिल्या फेरीला एका मुलीला बसवणार आहेत. ती मुलगी कोण असेल? आपली पुष्पा! ह्यांनी ओढ्याकाठचे आपले शेत विमानाला दिले, तेव्हा तो मान आपल्याच घरी आला. कारटीचे दोन दिवस जेवणात लक्ष नाही. वेणी घालू देत नाही, म्हणते वर वारा लागेल तेव्हा कशी राहील ते आधी पाहू.

आता तुझे काम. कॅप्टन मुंबईला विमानाच्या ज्या क्लबात शिकले, त्याच क्लबात तूही चार वर्षे विमान चालवतोस. तुझा तो मोठा चष्मा लावलेला फोटो बैठकीत आहे आणि आल्यागेल्याला हे तो दाखवल्याशिवाय चहा देत नाहीत. मी कॅप्टनांना तुझ्याविषयी विचारले, तर ते बराच वेळ फोटोकडे पाहत राहिले आणि मिशीत हसून म्हणाले, की ओळखतो, चांगला ओळखतो. तेव्हा त्यांच्याविषयी चार चांगल्या ओळी लिहून पाठव. हे सभेत वाचून दाखवतील. इतकी वर्षे उडतोस, पण बहिणीच्या छपरावरून कधी एक घिरटी घातली नाहीस, हे मात्र मी विसरलेले नाही.

पत्राला उशीर केलास तर माझा लोभही उशिराच पोचेल, हे ध्यानात असू दे.

तुझी,
सत्यभामा


॥ श्री ॥

मुंबई,
फाल्गुन शुद्ध ९

ती. सौ. बाईस,

शालिग्रामचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र पोचले. दोन महिने लिहिले नाही ही चूक कबूल. पण तुझे पत्र वाचल्यापासून माझे डोके तापले आहे.

हजार तास! बाई, इथे प्रत्येक उड्डाणाची वहीत नोंद होते. कोण उडाले, किती मिनिटे, सोबत कोण, आणि खाली शिक्षकाची सही. तीच मिनिटे इंजिनाच्या वहीतही चढवावी लागतात, कारण ठरावीक तास भरले की इंजिन खोलून पाहायचे असते. रंगरावांचे तास मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. ते अकरा आहेत. अकरा, आणि तेही सगळे पुढच्या बैठकीत शिक्षक बसलेला असताना. एकट्याच्या हाती विमान त्यांना एकदाही दिलेले नाही. एकट्याने उडून दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि परवान्यावाचून दुसऱ्याला घेऊन उडणे हा गुन्हा आहे. कॅप्टन त्यांना कोणी केले ते त्यांच्या शिंप्याला विचार. टोपीवरची जरीची पट्टी त्यानेच शिवली असेल.

आणि ते पदक! नाताळात क्लबाने गमतीचा खेळ ठेवला होता. मैदानावर चुन्याचे वर्तुळ आखायचे आणि विमानातून पिठाच्या पिशव्या त्यात टाकायच्या. विमान चालवणारा दुसराच होता. रंगराव नुसते बसून पिशव्या टाकत होते. त्यात दुसरा नंबर आला, त्याचे हे पदक. बाई, त्या पिठात चार माणसांच्या भाकरी झाल्या नसत्या, आणि त्यावर हा गृहस्थ सगळ्या जिल्ह्याच्या पंगती उठवतो आहे! संस्थानिक भोळे, वकील भोळे, आणि आमचे हिंमतराव भाऊजी तर त्यांच्याहून भोळे.

पुष्पाला त्या विमानात पाय ठेवू देऊ नकोस. हे पत्र सभेत वाचू नये, भाऊजींना एकट्यात दाखवावे. पोरीला माझा आशीर्वाद सांग आणि तिची वेणी घाल.

रागाच्या भरात काही वेडेवाकडे लिहिले गेले असेल तर धाकटा म्हणून पोटात घालावे.

तुझा,
शालिग्राम


॥ श्री ॥

सुलतानपूर,
फाल्गुन वद्य १

चि. शालिग्राम यास,

आशीर्वाद. वि. वि. तू लिहिलेस, की पत्र एकट्यात दाखव. मी तसेच दाखवले, आणि ह्यांनी ते उचलून कॅप्टनांच्याच हातात दिले! मला वाटले आता भडका उडेल. पण ते हसले. चौघांसमोर म्हणाले, की शालिग्रामची वही मागवा, त्याचे किती तास भरले ते पाहू, मंग बोलू द्या त्याले माझ्यावर. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. गावचे रामराव पाटील म्हणाले, की आपला माणूस वर गेला की आपलेच लोक त्याचे पाय ओढतात. आणि हे मला म्हणाले, की तुझा भाऊ जळून राह्यला, दुसरं काही नाही.

शालिग्राम, ते मला फार लागले. रात्री जेवले नाही. माझ्या भावाला कोणी मत्सरी म्हणावे आणि मी ऐकून घ्यावे, असे आजवर झाले नाही. उलट टपाली तुझी वही पाठव, शिक्षकाच्या सहीची. चार वर्षांचे तुझे तास त्यांच्या अकरांपेक्षा कितीतरी जास्त असणार. मी ती वही पारावर नेऊन सगळ्यांच्या नाकासमोर धरते. पण वही येत नाही तोवर माझ्या तोंडाला कुलूप आहे आणि पुष्पाचे जाणे ठरलेले आहे.

इकडे तयारी जोरात आहे. शेताचे तरी ऐक. आमच्या तुळशीराम गड्याने त्या रानाला वखराच्या तीन पाळ्या घालून माती भुसभुशीत केली. बायकांनी ज्वारीची धसकटे एकेक वेचली, ढेकूळ म्हणून ठेवले नाही. आभाळातून येणाऱ्या पाहुण्याला काही टोचू नये, असे तुळशीरामचे म्हणणे. पेरणीच्या वेळीसुद्धा त्याने रान इतके राखले नव्हते. मी अनवाणी चालून पाहिले, घोट्यापर्यंत पाय बुडतो. कॅप्टनांनीही बूट काढून दोन फेऱ्या घातल्या आणि म्हणाले, की असं रान मुंबईतही पाह्यलं नाही, विमानाले गादीच अंथरली तुम्ही. तुळशीरामची पाठ थोपटली. तो बिचारा तेव्हापासून ताठ मानेने चालतो आहे.

वही पाठव. बाकीचा लोभ वही पाहून ठरवू.

तुझी,
सत्यभामा


॥ श्री ॥

मुंबई,
फाल्गुन वद्य ५

ती. सौ. बाईस,

शालिग्रामचा नमस्कार. वि. वि. हे पत्र लिहून तीनदा फाडले. चौथ्यांदा लिहितो ते फाडायला वेळ नाही म्हणून.

बाई, माझ्याकडे वही नाही. मी विमान चालवत नाही. कधीच चालवले नाही. मी इंजिने पुसतो, तेल भरतो, चाकांना हवा मारतो आणि सुरू करताना समोरचा लाकडी पंखा हाताने फिरवतो. नोकरी लागली तेव्हा मी लिहिले होते, की विमानांच्या कामावर लागलो. भाऊजींनी त्याचा अर्थ चालवतो असा घेतला आणि गावभर सांगितले. दिवाळीला आलो तेव्हा वेशीवर मला हार घातला. त्या वेळी बोलायला हवे होते, मी मान खाली करून हार घेतला. फोटोतला चष्मा एका सभासदाचा, पाच मिनिटांपुरता मागून घेतलेला. रंगरावांना हे माहीत आहे. म्हणूनच ते मिशीत हसले आणि म्हणूनच त्यांनी वही मागितली. मी त्यांना लबाड म्हणायला निघालो होतो. त्यांनी अकरा तासांचे हजार केले, मी शून्याचे किती केले ते मोजताही येत नाही. लाज वाटते. तुझ्यासमोर सगळ्यात जास्त वाटते.

पण हे सगळे बाजूला ठेव आणि पुढचे नीट वाच. तुझ्या पत्रातले शेताचे वर्णन मी दोनदा वाचले. विमानाला मऊ रान चालत नाही! त्याला कडक, दाबलेली जमीन लागते. इथे मैदानावर रोज दगडी रूळ फिरवतात. वेगाने खाली येणारी चाके तुमच्या त्या वखरलेल्या मातीत रुतली, की शेपूट वर जाऊन विमान नाकावर उलटणार. आणि पाहुण्याला पुढच्या बैठकीत बसवतात, बाई. पुष्पा पुढे असेल. मी गेली चार वर्षे नुसती चाके पाहतो आहे, एवढे एक मला कळते. जो माणूस त्या रानाला गादी म्हणतो, त्याने जमिनीवर विमान एकट्याने कधी टेकवलेले नाही.

माझ्या शब्दावर आता कोणी विश्वास ठेवू नये, तो अधिकार मी घालवला. रंगरावांच्या शब्दावरही ठेवू नये. तुझी हलकी दमणी जुंप, बैल पळवत त्या रानात घाल आणि चाकांचे काय होते ते सगळ्यांना पाहू दे. हे पत्र मात्र पारावर वाच, माझ्या कबुलीसकट. एक ओळही गाळू नकोस.

लोभ असावा असे लिहिण्याचे तोंड नाही, तरी लिहितो.

तुझा,
शालिग्राम


॥ श्री ॥

सुलतानपूर,
चैत्र शुद्ध २, शके १८५९

चि. शालिग्राम यास,

आशीर्वाद. वि. वि. पुष्पा घरात आहे. आत्ता माझ्या शेजारी बसून शेवया मोडते आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचे तू शांतपणे वाचशील.

तुझे पत्र मी ह्यांच्या हातात दिले नाही. पारावर मंडळी जमली होती, कॅप्टनही होते. पदर सावरून उभी राहिले आणि स्वतः वाचले. एक ओळ गाळली नाही. तुझ्या कबुलीपाशी लोक हसायला लागले. सगळ्यात मोठ्याने कॅप्टन हसले आणि म्हणाले, की चाकं पुसणारा मले शिकवते का. ह्यांची मान खाली गेली. तरी शेवटपर्यंत वाचले.

मग मी कॅप्टनांना सगळ्यांदेखत विचारले, की रान बरोबर आहे ना, काही कमीजास्त असेल तर आत्ताच सांगा. ते म्हणाले, की याहून बेस रान भेटणार नाही. हे त्यांच्या तोंडून आल्यावरच मी तुळशीरामला दमणी जुंपायला सांगितली. सगळा गाव ओढ्याकाठी आला. तुळशीरामने गाडीवाटेवरून बैल जे सोडले ते भरधाव रानात. वीस पावले गेला नसेल, चाके आसापर्यंत रुतली, बैल गुडघ्यांवर आले आणि पुढे बसलेला तुळशीराम जुवावरून उडून तोंडावर पडला. बायका किंचाळल्या. तो उठला, तोंडातली माती थुंकली आणि म्हणाला, की बाई, हे तर नुसत्या बैलाच्या पळण्यानं झालं. त्यानंतर कोणी हसले नाही. पुष्पाने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडी पिचली.

कॅप्टन म्हणाले, की विलायती यंत्राचे आणि खटाऱ्याचे एक नसते. मी विचारले, की मग मुंबईला मैदानावर रूळ काऊन फिरवतात? ते सांगतो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटारीने बुलढाण्याला तार करायला गेले ते गेलेच. विमानही आले नाही. पाडव्याला वीस गावची माणसे दुपारपर्यंत आभाळाकडे तोंड करून उभी होती. आणि शालिग्राम, माझ्या अंगाचा जाळ होतो तो पुढच्यासाठी. कॅप्टनांना कोणी नाव ठेवले नाही! नाव ठेवले मला. रामराव म्हणाले, की बाईने गावाचा सण नासवला. माझी पोर त्या मातीत तोंडावर पडली असती, तर सण चांगला झाला असता काय? मी त्यांना तसे विचारले. त्यांनी पागोटे सारखे केले आणि निघून गेले.

आता तुझ्याकडे वळते. चार वर्षे खोटा हार घालून फिरलास आणि एका पत्रात माझी लेक वाचवलीस. या दोन्हींचा मेळ मला घालता येत नाही आणि मी घालणारही नाही. मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि बरेच दिवस रागावणार आहे. पण माझेही एक ऐक. दिवाळीला तू जेवायला बसलास तेव्हा तुझ्या नखांतले काळे मी पाहिले होते. विमान चालवणाऱ्याची नखे अशी नसतात, एवढे मलाही समजत होते. मी विचारले नाही. बायका पाणी भरताना मला विमानवाल्याची बहीण म्हणत, ते मलाही गोड लागत होते. तेव्हा हार काही तू एकट्यानेच घातला नव्हता.

ह्यांनी तुझा फोटो काढून कणगीमागे उलटा ठेवला आहे. मी त्यांना अडवले नाही. पण पुष्पाने काल विचारले, की मामाला चाकाचे इतके कळते तर त्याचा चाकाजवळचा फोटो का नाही. ह्यांनी ते ऐकले. आज सकाळी पाहते तो कणगीमागची चौकट बाहेर काढून पुसून ठेवलेली आहे, आतला फोटो काढलेला.

तेव्हा नवा फोटो पाठव. चष्मा लावू नकोस, हात धुऊ नकोस.

लोभ होता तेवढाच आहे, राग त्याच्यावर ठेवला आहे एवढेच.

तुझी,
सत्यभामा