आवाजात दम नाय

बिडकीन,
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय भूषणदादा,
सप्रेम जय भीम.

आम्ही खुशाल आहोत. फोन असताना ही बया कागद कशाला खरडतीये, म्हणशील. म्हण. कारण शेवटी सांगते.

मायच्या गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे. क्रांती चौकातलं तुझ्या रेडिओ कार्यक्रमाचं होर्डिंग उतरवलं, आता तिथं कुठल्याशा क्लासचं पोरगं दात काढतंय. इम्रानभाई छपरावरची रेडिओची छत्री नीट करायला आले होते. मला म्हणाले, "बाजी, ये छत्रीवाला रेडिओ अब कितने दिन का? सब लोगां मोबाईल पे सुनते." खरंच आहे. वर उपग्रह सांभाळायचा आणि खाली तुझ्यासारखे महागडे निवेदक पोसायचे, कंपनीला कुठवर झेपणार?

पण तुला काढून तुझा आवाज ठेवून घेतला, हे ऐकून मला आधी हसूच आलं होतं. म्हणे करारात आवाज कंपनीचा! मशीन रोज सकाळी तुझ्या आवाजात बोलतं आणि तू मुंबईत खोलीत बसून ऐकतोस. "मायला कळू देऊ नको," म्हणालास. मी नाय सांगितलं.

तरी तिला कळलं. पण भलतंच कळलं.

धम्मचक्र दिनाला सकाळी तिनं रेडिओ लावला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आवाजात दम नाय गं." मला वाटलं, कार्यक्रम रंगत नाही म्हणतीये. म्हटलं, "माय, रोज रोज कसा रंगंल?"

"तसं नाय. ह्यो दमच घेत नाय. त्याच्या दम्यापायी किती राती त्याचा श्वास ऐकत बसले मी! दोन वाक्यं झाली की माझं लेकरू थांबतं, बारीक शिट्टी वाजती. ह्याची वाजत नाय. जित्तं माणूस असं बोलंल व्हय?"

दादा, तिच्या लेखी तू मेलास. आम्ही लपवतोय म्हणते.

तुझा फोन कानाला लावला, तर "ह्योबी तसलाच." व्हिडिओ दाखवला, तर "फोटो हालवतेत." अण्णांच्या तसबिरीशेजारी तुझा फोटो मांडलाय, रोज मेणबत्ती लावते. सोळा तारखेला भंतेजींना बोलावलंय, तुझ्या नावानं पुण्यानुमोदन करायला, मेल्या माणसाचं करतात तसं. कारभारीमामाला निरोपसुद्धा गेला. जित्त्या माणसाचं! मी लई भांडले. ऐकतच नाय.

आता माझं सांगते. परवा तुझा फोन आला, तेव्हा तू काय बोलत होतास ते मी ऐकतच नव्हते. शिट्टी शोधत होते. तू किती वेळ बोललास, नवं काम मिळंल, काळजी करू नको. मला शिट्टी ऐकू आली नाय. फोन ठेवला. रेंज खराब असंल, तुला औषध लागू पडलं असंल, स्वतःला लई समजावलं. पण तेव्हापासून मायनं मेणबत्ती लावली की मी तिला अडवत नाय. मला भीती वाटती, दादा. म्हणून हा कागद.

नोकरी गेली म्हणून तोंड लपवू नको. लाज कसली त्यात? तू घरचा आहेस, रेडिओचा नाहीस. फोन करू नको, आवाज पाठवू नको. सोळाच्या आत स्वतः ये. दारात एक शब्द बोलू नको. मायला जवळ घे आणि नुसता दम घे.

तू असशील तर तुझीच,
करुणा