काविळीवर काट

बाबा,

कॉलेजचा प्रवेश वर्षभर पुढे ढकलायचा अर्ज तुमच्या शिलाई मशीनवर ठेवलाय. 'कारण' या रकान्यात तुम्ही लिहिलेली कावीळ मी खोडली आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलं नैराश्य लिहिलं. तुमची सही तेवढी बाकी आहे. चार लोकांत नाक कापलं जात असेल तर करू नका, सोमवारपासून वर्गात जाऊन भिंतीकडे बघत बसेन. आणि पाहुण्यांसमोर मला बिनतेलाची भाजी वाढणं आता पुरे.

मी दवाखान्यात चाललेय, एकटीच. आत्याचा फोन आला तर तुम्हीच घ्या. मला न झालेल्या काविळीची तिने आठवड्यात तीनदा चौकशी केली. झालेल्या आजाराची तुम्ही अजून एकदाही केली नाहीत.